मऊ प्लॅस्टिकची यंत्रघडण आणि पकडीचा इतिहास : रत्नागिरीच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा हत्याराच्या धारेच्या अंगाने लिहिला गेला आहे. दगडी कुऱ्हाडीपासून कार्बाइडच्या कटरपर्यंतची वाटचाल अनेक ग्रंथांतून सविस्तर आढळते. मात्र ज्या वस्तूवर ही धार चालते ती वस्तू त्या वेळी कशी धरली जात होती, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. वस्तुतः कोणतीही वस्तू घडविताना कापणे आणि धरणे या दोन क्रिया एकाच वेळी घडत असतात. धातूच्या कामात दुसरी क्रिया सहसा लक्षात येत नाही, कारण पोलाद किंवा बीड वाइसच्या जबड्यात घट्ट आवळले तरी त्याच्या आकारात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. मऊ प्लॅस्टिक मिलिंग मशीनवर घडवू लागल्यावर मात्र हा क्रम उलटतो. कापणे सोपे होते आणि धरणे अवघड होऊन बसते.

प्रस्तुत लेखात या पकडीच्या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याचा संदर्भ निवडण्यास दोन कारणे आहेत. एक म्हणजे लाख, राळ आणि शिंग या नैसर्गिक 'प्लॅस्टिक' पदार्थांवर काम करणाऱ्या कारागिरांची परंपरा या भूभागात होती. दुसरे म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस पीव्हीसी या कृत्रिम राळेच्या उत्पादनाचे एक मोठे केंद्र याच किनाऱ्यावर उभे राहिले. या दोन टोकांमध्ये जो धागा आहे तो पकडीच्या कौशल्याचा आहे, आणि तो धागा शिक्षणक्रमात कोठेही नोंदविलेला नसल्याने तुटण्याच्या मार्गावर आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

यंत्रइतिहासातील कापणे आणि धरणे

मिलिंग मशीनचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील बंदुकांच्या कारखान्यांत झाला. त्याचे श्रेय दीर्घकाळ एली व्हिटनी याला १८१८ या सालासह दिले जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झालेल्या संशोधनाने हे श्रेय संशयास्पद ठरविले असून सिमियन नॉर्थ आदी समकालीन शस्त्रनिर्मात्यांकडे लक्ष वेधले आहे. १८६२ मध्ये जोसेफ ब्राउन याचे युनिव्हर्सल मिलिंग मशीन आले. ड्रिलवरील मळसूत्री खाचा हाताने कानशीने कोरण्याऐवजी यंत्रावर कापता याव्यात, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९०० च्या सुमारास फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी हायस्पीड स्टील पुढे आणले आणि कापण्याचा वेग कित्येक पटींनी वाढला.

या सर्व घटनांत धार हाच कथानायक आहे. परंतु याच काळात हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारात जॉन हॉल याने १८२० च्या दशकात अदलाबदल करता येतील असे बंदुकीचे सुटे भाग तयार केले. त्याच्या यशामागे कटरइतकाच महत्त्वाचा भाग होता तो प्रत्येक भाग प्रत्येक वेळी त्याच स्थितीत बसविणाऱ्या फिक्स्चरचा. एकसारखे भाग हवे असतील तर ते एकसारखेच धरले पाहिजेत, हे हॉलच्या कामातून सिद्ध झाले. तरीही फिक्स्चरचा इतिहास हा यंत्रइतिहासाच्या तळटीपेतच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चुंबकीय चक आले, पण तेही लोखंडाच्या जातीपुरतेच उपयोगी होते. धातूच्या जगात पकड म्हणजे जोर, असे समीकरण पक्के झाले. यंत्रशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिली सूचना मिळते ती 'जॉब घट्ट आवळ' हीच.

कोकणातील पूर्वपरंपरा : लाख, राळ आणि शिंग

धातुयुगातील या समीकरणापूर्वी आणि त्याच्या समांतर अशी पकडीची एक वेगळी परंपरा भारतीय कारागिरांजवळ होती. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो. त्यामुळे पातळ पत्र्याला आतून आधार मिळतो आणि हातोडीच्या किंवा खोदणीच्या दाबाने तो चेपत नाही. ठोकीव नक्षी करणारा कारागीर पत्रा राळेच्या थरावर बसवितो. राळ गरम असताना पत्र्याच्या प्रत्येक उंचसखल भागाला जाऊन भिडते आणि थंड झाल्यावर त्याला सर्व बाजूंनी सारखा धरून ठेवते. काम संपले की पुन्हा ऊब देऊन वस्तू सोडवून घेतात. येथे पकडीचा अर्थ जोर असा नसून आधार असा आहे. दाब एका ठिकाणी एकवटण्याऐवजी तो संपूर्ण पृष्ठभागावर वाटला जातो.

सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत त्याच जिल्ह्यात राहिले. येथील रंगीत लाकडी खेळणी, फळे आणि लाखकाम सर्वपरिचित आहे. पांगाऱ्यासारखे हलके व मऊ लाकूड त्यासाठी वापरले जाते. कातकामावर लाखेचा रंग चढविण्याची जी पद्धत भारतात रूढ आहे, ती तांत्रिक दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. फिरत्या लाकडावर कारागीर लाखेची कांडी दाबून धरतो, घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. लाख हा उष्णतेने मऊ होणारा आणि थंड झाल्यावर कडक होणारा नैसर्गिक पदार्थ आहे, म्हणजेच आजच्या परिभाषेत तो थर्मोप्लॅस्टिक आहे. मिलिंग मशीनवर प्लॅस्टिक कापताना ज्या घर्षणजन्य उष्णतेमुळे काम बिघडते, त्याच उष्णतेला कातारी आपली मदतनीस बनवितो. पदार्थाचा स्वभाव एकच, परंतु त्याला वश करण्याच्या रीती परस्परविरुद्ध, असे हे उदाहरण आहे.

तिसरा पदार्थ शिंग. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांवरील दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. विजयदुर्ग येथे गव्याच्या शिंगापासून शोभेच्या वस्तू बनत असत, याची नोंद त्या काळच्या सरकारी वर्णनांत आढळते. शिंग हे केराटिनचे बनलेले असते. ते तापविले की मऊ होते, दाबून सपाट करता येते आणि थंड झाल्यावर तोच आकार टिकवून धरते. मात्र कापताना ते लवचीक राहते, घट्ट दाबले तर थरांमध्ये फाटते आणि धार बोथट असेल तर जळका वास येऊ लागतो. शिंगकाम करणाऱ्याला या तिन्ही दोषांचे ज्ञान हातातूनच मिळत असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गव्याला संरक्षण मिळाले आणि ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे या कच्च्या मालाशी निगडित असलेल्या हस्तकौशल्याला पुढे वारस उरला नाही, हीही इतिहासाची एक बाजू आहे.

प्लॅस्टिक : कातकामाकडून साच्याकडे आणि पुन्हा कातकामाकडे

प्लॅस्टिक म्हटले की आज साच्यात ओतलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. परंतु आरंभीचे प्लॅस्टिक हे शिंग आणि हस्तिदंत यांचे पर्याय म्हणूनच जन्माला आले आणि शिंगासारखेच घडविले गेले. जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या आसपास सेल्युलॉइड सिद्ध केले. त्याचे ठोकळे दाबून तयार करीत, त्यांच्या पातळ चकत्या तासून काढीत आणि त्या चकत्यांतून करवतीने फण्यांचे दाते कापीत. विसाव्या शतकाच्या आरंभी दुधातील केसिनपासून बनविलेल्या प्लॅस्टिकच्या कांड्या लेथवर कातून बटणे तयार होत. म्हणजे पहिल्या पिढीतील प्लॅस्टिकचे कारागीर हे शिंगकाम करणाऱ्यांचेच उत्तराधिकारी होते.

लिओ बेकलँड याने १९०७ मध्ये बेकेलाइट शोधले. नंतर इंजेक्शन मोल्डिंगचा प्रसार झाला, विशेषतः १९४६ मध्ये जेम्स हेन्ड्री याने स्क्रूचे यंत्र बनविल्यानंतर, आणि कातकाम मागे पडले. एकदा साचा तयार झाला की हजारो वस्तू एकसारख्या निघू लागल्या. प्लॅस्टिक कापून घडविणे हे आता फक्त नमुन्यापुरते उरणार असे वाटू लागले.

तसे झाले नाही, कारण काही प्लॅस्टिक साच्यात सहजासहजी वाहतच नाहीत. ६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट याला अकल्पितपणे सापडलेले पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, ३२७ अंश सेल्सिअसला वितळते खरे, परंतु वितळल्यावरही ते इतके घट्ट असते की नेहमीच्या इंजेक्शन यंत्रातून वाहत नाही. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनचीही हीच गत आहे. अशा पदार्थांची भुकटी दाबून, तापवून ठोकळे किंवा दांडे बनवितात आणि त्यांतून हवा तो भाग कापून काढतात.

या संदर्भात कृत्रिम खुब्याच्या सांध्याचा इतिहास बोलका आहे. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनची वाटी वापरून खुब्याचे सांधे बसविले. काही वर्षांतच त्या वाट्या झिजल्या आणि रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. १९६२ मध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील मागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चक्रे विकणाऱ्या एका विक्रेत्याने अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनचा नमुना रुग्णालयाच्या यंत्रशाळेत आणला. चार्नलींना तो पसंत नव्हता. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो झीज मोजणाऱ्या यंत्रावर लावून पाहिला आणि त्याची झीज अत्यल्प असल्याचे आढळले. नोव्हेंबर १९६२ पासून या पदार्थाच्या वाट्या वापरात आल्या. मागावरच्या एका सुट्या भागाचा पदार्थ मानवी देहात पोहोचला तो यंत्रशाळेतील एका तंत्रज्ञाच्या जिज्ञासेमुळे. ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत धाडली, त्या जिल्ह्यातील वाचकाला या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

सांध्याच्या वाटीचा आतला गोलार्ध किंचित अंडाकृती झाला तर काय होईल, याची कल्पना करता येते. मऊ प्लॅस्टिकच्या पकडीचा प्रश्न हा केवळ यंत्रशाळेच्या सोयीचा प्रश्न नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

पकडीचे गणित

पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २००, ॲल्युमिनियमचा ७०, कडक पीव्हीसीचा ३, उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनचा १ आणि टेफ्लॉनचा सुमारे ०.५ गिगापास्कल इतका असतो. याचा व्यावहारिक अर्थ एका साध्या उदाहरणाने समजून घेता येईल. ५० मि.मी. रुंदीचा पॉलिएथिलिनचा ठोकळा वाइसमध्ये धरला आणि जबड्यांखाली दर चौरस मि.मी.ला ५ न्यूटन इतका दाब पडला, तर तो ठोकळा पाव मिलिमीटरने आत दबतो. त्याच दाबाखाली तेवढाच पोलादी ठोकळा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाच दबतो. दबलेल्या अवस्थेत ठोकळ्याला अचूक गोल छिद्र पाडले आणि वाइस सैल केला की ठोकळा मूळ रुंदीवर येतो आणि छिद्र लंबगोल होते. यंत्राने चूक केलेली नसते, कटरनेही नसते. मोजमाप चुकलेले असते ते पकडीत.

दुसरी अडचण वेळेची आहे. सतत दाबाखाली ठेवलेले प्लॅस्टिक हळूहळू कायमचे बसत जाते. टेफ्लॉनमध्ये हे विसर्पण विशेष ठळक असते. सकाळी घट्ट आवळलेला जॉब दुपारपर्यंत आपोआप सैल झालेला आढळतो आणि अननुभवी कामगार तो पुन्हा आवळून दोष वाढवितो.

तिसरी अडचण उष्णतेची. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढते, तर पॉलिएथिलिन दीडशेच्या आसपास. १०० मि.मी. लांबीच्या पॉलिएथिलिनच्या तुकड्याचे तापमान केवळ १० अंशांनी वाढले तरी त्याची लांबी सुमारे ०.१५ मि.मी.ने बदलते. त्यातच प्लॅस्टिक उष्णतेचे वाहक नसल्याने कापताना निर्माण झालेली ऊब कामाच्या पृष्ठभागावरच साचते. पॉलिएथिलिन १३० अंशांच्या आसपास वितळते आणि कडक पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ होऊ लागते. म्हणून कटर अत्यंत धारदार, कमी दात्यांचा आणि कीस सहज बाहेर पडेल असा लागतो. दात्याने पदार्थ घासता कामा नये, कापला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक दात्याला पुरेशी जाड छिलपी घ्यावी लागते आणि कीस हवेच्या झोताने दूर करावा लागतो. पीव्हीसी अतितापल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो कामगाराच्या श्वासाला आणि यंत्राच्या पोलादाला सारखाच घातक आहे.

कोकणच्या हवामानाने यात चौथी अडचण घातली आहे. नायलॉन हवेतील बाष्प शोषून फुगते. वर्षाला ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या किनारपट्टीवर वैशाखात अचूक मापाने कापलेला नायलॉनचा बुश श्रावणात त्याच मापाचा राहील, असे गृहीत धरता येत नाही.

पकडीच्या पद्धतींचा विकास

या अडचणींवर यंत्रशाळांनी शोधलेले उपाय पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. जवळजवळ प्रत्येक उपाय 'जोर कमी, आधार अधिक' या सूत्राकडे जातो.

सर्वांत साधा उपाय म्हणजे वाइसच्या कडक जबड्यांवर ॲल्युमिनियमचे किंवा लाकडाचे जबडे बसविणे आणि ते जॉबच्याच आकाराचे कापून घेणे. गोल भागाला गोल खोबण मिळाली की दोन रेषांवर पडणारा दाब संपूर्ण परिघावर पसरतो. पातळ कड्याच्या आत तंतोतंत बसणारा गाभा घातला की बाहेरून पडणारा दाब त्याला चेपू शकत नाही. सोनाराने दागिन्यात लाख भरण्याचेच हे यांत्रिक रूप आहे.

दुसरा उपाय निर्वाताचा. सपाट पत्र्याखालील हवा काढून घेतली की वातावरणाचा दाब त्याला खाली धरून ठेवतो. हा दाब दर चौरस सें.मी.ला सुमारे १० न्यूटन असतो. प्रत्यक्षात त्याचा आठ-दशांश भाग मिळाला तरी १० सें.मी. चौरस पत्र्यावर सुमारे ८०० न्यूटन बल पडते, आणि तेही सर्वत्र सारखे. आधीच्या उदाहरणातील वाइसच्या दाबाशी तुलना केली तर हा दाब साठपटींहूनही कमी आहे. मात्र टेफ्लॉन आणि पॉलिएथिलिन निसरडे असल्याने कटरच्या आडव्या रेट्याने पत्रा सरकू शकतो. त्यामुळे कडेला टेकू द्यावेच लागतात. लहान तुकड्यांना तर क्षेत्रफळच पुरत नाही.

तिसरा उपाय चिकटविण्याचा. दुहेरी चिकटपट्टी आणि मेण यांचा वापर ॲक्रिलिकसारख्या प्लॅस्टिकसाठी उत्तम चालतो. पॉलिएथिलिन, पॉलिप्रॉपिलिन आणि टेफ्लॉन यांना मात्र काहीच नीट चिकटत नाही. अशा वेळी जॉब सर्व बाजूंनी वेढून धरण्याचा मार्ग उरतो. त्यासाठी प्लास्टर किंवा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरतात. बार्नाबस वुड याने १८६० मध्ये सिद्ध केलेला मिश्रधातू सुमारे ७० अंशांना वितळतो. परंतु त्यात शिसे व कॅडमियम असल्याने आज तो काळजीपूर्वकच हाताळावा लागतो. राळेत पत्रा रोवणाऱ्या कारागिराची कल्पना येथे धातूत उतरली आहे. अतिशय मऊ, रबरासारखे प्लॅस्टिक असेल तर ते गोठवून कडक करतात आणि त्या अवस्थेत कापतात.

याखेरीज अनुभवी कारागीर आणखी दोन गोष्टी करतात. भाग मूळ ठोकळ्यापासून लगेच वेगळा न करता लहान दुव्यांनी जोडलेला ठेवतात, जेणेकरून ठोकळाच त्याचे फिक्स्चर होतो. तसेच जाड काप घेतल्यावर जॉब सैल सोडून काही तास, कधी रात्रभर, निवांत ठेवतात आणि नंतर अगदी हलक्या पकडीत शेवटचा काप घेतात. पदार्थातील ताण त्या अवधीत मोकळे होतात. ही विश्रांती आकृतीवर दाखविलेली नसते आणि वेळेच्या हिशेबातही धरली जात नाही.

रत्नागिरी : राळेचा नवा कारखाना

पुण्यात १९५८ मध्ये केबलच्या व्यवसायाने सुरू झालेल्या फिनोलेक्स समूहाने १९८१ मध्ये पीव्हीसी पाइपच्या उत्पादनात पदार्पण केले आणि १९९४ मध्ये रत्नागिरीच्या दक्षिणेस गोळप-रनपार परिसरात जर्मनीतील ऊडे या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने पीव्हीसी राळेचा प्रकल्प कार्यान्वित केला. कच्चा माल जहाजाने थेट उतरवून घेता यावा म्हणून प्रकल्पाने स्वतःचा धक्का बांधला. पुढील विस्तारानंतर त्याची वार्षिक क्षमता अडीच लाख टनांहून अधिक झाली. १९९६ मध्ये शहरालगत मिरजोळे येथे फिनोलेक्स अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली. एका दशकाच्या आत जिल्ह्याला कच्चा माल, तांत्रिक शिक्षण आणि दळणवळण या तिन्ही गोष्टी लाभल्या.

पीव्हीसीचा रेणू १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान याने पाहिला होता आणि १९२६ मध्ये वाल्डो सेमन याने त्याला मऊ व वापरण्याजोगे रूप दिले. या राळेपासून पाइप बनताना मिलिंग मशीन कोठेच येत नाही. तरीही पकडीच्या इतिहासाच्या दृष्टीने पाइपनिर्मितीची पद्धत विलक्षण बोधप्रद आहे. सुमारे १८० ते २०० अंशांना साच्याच्या तोंडातून बाहेर पडणारा पाइप इतका मऊ असतो की त्याला कशानेही पकडले तर तो चेपेल. म्हणून तो पाण्याने थंड होणाऱ्या, निर्वात राखलेल्या टाकीतील नळीतून ओढतात. बाहेरील दाब कमी झाल्याने आतली हवाच पाइपची भिंत त्या नळीला अलगद टेकविते आणि त्या स्थितीत तो गोल राहून कडक होतो. पुढे त्याला ओढणारे पट्टे रबरी गाद्यांचे असतात आणि करवतही पाइपबरोबर सरकत त्याला कापते. मिलिंग मशीनवरील निर्वात टेबल आणि पाइपची निर्वात टाकी यांमागील तत्त्व एकच आहे : हाताने धरता येत नाही ते हवेने धरावे.

म्हणजे मऊ प्लॅस्टिक धरण्याचे अत्यंत प्रगत तंत्र पीव्हीसीच्या पाइप उद्योगात रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. आश्चर्य हे की त्या उद्योगाच्या सावलीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपच्या वहीत त्याचा मागमूसही नसतो.

शिक्षणाचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर भारतातील यंत्रशिक्षण हे धातूच्या उद्योगांना डोळ्यांसमोर ठेवून उभे राहिले. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. १९५३ मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्सची आणि १९६१ मध्ये भारत फ्रिट्झ वर्नरची स्थापना झाली. त्यांच्या मिलिंग मशीनवर देशातील टर्नर, फिटर आणि मशिनिस्टच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. देशाची तेव्हाची गरज पोलादाची होती, त्यामुळे अभ्यासातील सराव मुख्यतः पोलाद आणि बिडाच्या तुकड्यांवर बेतला गेला. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. १९६८ मध्ये मद्रास येथे प्लॅस्टिक अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था स्थापन झाली, पण साहजिकच तेथील भर साचे आणि मोल्डिंग यांवर राहिला. प्लॅस्टिकचा ठोकळा वाइसमध्ये कसा धरावा, हा विषय दोन शाखांच्या मधल्या फटीत पडला. यंत्र शाखेला तो प्लॅस्टिकचा वाटला आणि प्लॅस्टिक शाखेला यंत्राचा.

परिणामी हे ज्ञान लहान कार्यशाळांतील अनुभवी कारागिरांच्या हातांत आणि बोलण्यात राहिले. ते लिहून ठेवले गेले नाही. विजयदुर्गच्या शिंगकामाबाबत जे घडले तेच येथेही घडू शकते. शिंगकामाला निदान कच्चा मालच संपल्याचे कारण होते. प्लॅस्टिकच्या बाबतीत तसे कारणही देता येणार नाही. कच्चा माल दारात आहे, यंत्रे आहेत, शिकणारी मुले आहेत. राळ बाहेर जाते आणि तिच्यापासून घडलेला अचूक भाग बाहेरूनच परत येतो. ज्या प्रदेशातून शिकलेला तरुण कामासाठी मुंबई-पुण्याची वाट धरतो, त्या प्रदेशाला ही गोष्ट परवडणारी नाही. नौकांच्या शाफ्टचे बेअरिंग, मासे प्रक्रिया यंत्रांचे सुटे भाग, कृत्रिम अवयव आणि प्रयोगशाळांची उपकरणे यांना लागणारे प्लॅस्टिकचे भाग संख्येने थोडे असतात. त्यांच्यासाठी महागडा साचा बनविणे शक्य नसते. ते कापूनच घडवावे लागतात आणि म्हणून ते लहान कार्यशाळेच्या आवाक्यातील काम आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. यंत्रघडणीच्या इतिहासात हत्याराला मिळालेले महत्त्व पकडीला मिळाले नाही. मऊ प्लॅस्टिकने ही उणीव उघडी पाडली.

२. प्लॅस्टिकची यंत्रघडण हे धातुकामाचे दुय्यम अंग मानणे इतिहासाशी सुसंगत नाही. तिचे मूळ शिंग, लाख आणि राळ यांवरील हस्तव्यवसायात आहे. त्या व्यवसायांचे 'जोर कमी, आधार अधिक' हे सूत्र निर्वात टेबलापर्यंत टिकून आहे.

३. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात जुनी कारागिरी आणि आधुनिक राळनिर्मिती ही दोन्ही टोके हाताशी आहेत. त्यांना जोडणारा दुवा शिक्षणसंस्थाच पुरवू शकतात. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. वर्कशॉपच्या पहिल्या वर्षात पोलादाबरोबर पॉलिएथिलिनचा एक ठोकळा द्यावा, तो धरलेल्या अवस्थेत आणि सोडल्यानंतर अशा दोन्ही वेळी मोजण्यास सांगावे आणि परिसरातील कारागिरांच्या पकडीच्या युक्त्या पद्धतशीरपणे नोंदवून घ्याव्यात, इतके पुरेसे आहे.

वाइस सैल केल्यावर छिद्र लंबगोल झालेले ज्या विद्यार्थ्याने एकदा स्वतः मोजले आहे, त्याला पदार्थाचा स्वभाव ओळखल्यावाचून त्यावर बळ चालवू नये, हे पुन्हा सांगावे लागत नाही. लाखेत दागिना बसविणाऱ्या सोनाराला हे ठाऊक होते. ते आता वहीत उतरले पाहिजे.